आखाजीआधी सही

कुंदनने पहिली चपराक मारली ती सोमवारी सकाळी साडेनऊला, जिन्याच्या वळणावर, आणि मारल्यावर तोच जास्त दचकला. सात वर्षं राजदीप त्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. सात वर्षांत दोघांमध्ये कधी आवाज चढला नव्हता. कुंदनच्या वडिलांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही राजदीपनेच, मोटरसायकलवर मध्ये बसवून. पण हात एकदा उठला की त्याला मागचं काही आठवत नाही. दुसरी चपराक पहिलीपेक्षा नीट बसली.

भांडण म्हटलं तर तीन दिवसांचं होतं.

राजदीपचं धुळ्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. बायको प्रज्ञा नर्स. तिला जानेवारीत जळगावच्या एका खासगी दवाखान्यात चांगली नोकरी लागली आणि रोज पहाटेची एसटी, रात्रीची एसटी असं तिचं सुरू झालं. दोन महिन्यांत बाई निम्मी झाली. तेव्हा ठरलं, जळगावलाच घर घ्यायचं. दुकान तिकडेही चालतं, मोटरी सगळीकडेच जळतात. तिथेच पिंप्राळ्यात वना नावाच्या एकाचं घर विकायला निघालं होतं. तीन खोल्या, पुढे ओटा, अंगणात निंब. वना केळीच्या व्यवहारासाठी सावद्याला जाणार होता. घर त्याच्या आईच्या नावावर होतं, ती श्रावणात गेली, आणि तलाठ्याकडे वारस म्हणून तीन नावं लागली: वना, मोठी बहीण तानुबाई, धाकटी ज्योती. विक्रीच्या कागदावर तिघांच्या सह्या हव्या होत्या.

"बहिणी आखाजीले येतीनच," वना म्हणाला होता. "तव्हयच सह्या लिसूत. कसाले येगयं बलावनं."

सणाला आल्या की तेव्हाच सह्या, वेगळं बोलावणं नको, हे राजदीपला पटलं. खान्देशात कोणाला नाही पटणार? इथे शेतावरच्या सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरतं, सासरच्या पोरी आखाजीला माहेरी येतात, अडलेली बोलणी आखाजीवर ढकलली जातात. यंदा आखाजी तीस एप्रिलला, बुधवारी. बहिणी रविवारपर्यंत येणार. निबंधक कार्यालयात मंगळवार एकोणतीसचा नंबर घेतला. कुंदनला घर सोडायची नोटीस दिली ती तीस तारखेची, कागदावर, दोन प्रती काढून. एक दिवस इकडे वाया नाही, एक दिवस तिकडे नाही. हा हिशेब त्याने प्रज्ञाला इतक्या वेळा सांगितला की ती शेवटी म्हणाली, "अहो, मध्ये चार दिवस मोकळे ठेवा. माणसं आहेत, आजारी पडतात, रुसतात." तो हसला. आखाजीला आलेली बहीण भावाच्या शब्दाबाहेर जाते हे त्याने ऐकलं नव्हतं.

कुंदननेही त्या तारखेवर आपलं बांधून ठेवलं. त्याचं लग्न नऊ मेला. मुलीच्या बापाने अट घातली होती की पोरीला वरचा मजला स्वतंत्र हवा, रंग दिलेला हवा, आणि हे मी डोळ्यांनी बघून जाणार. रंगारी एक तारखेला ठरले होते. आधी दोन ठिकाणी जमलेलं मोडलं होतं, त्यामुळे कुंदनला झोप लागत नव्हती.

आणि रविवारी संध्याकाळी वनाचा फोन आला.

"राजूभाऊ, अक्का ऐकत नही. सन जाया बिगर सही करस नही, आशी म्हनस."

बुधवारी सण, गुरुवारी एक मेची सुट्टी, म्हणजे सही शुक्रवारी. तानुबाई सही का करत नाही, हे राजदीपने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात फक्त तारखा फिरत होत्या. रात्रभर फिरल्या आणि सकाळी तो कुंदनला जिन्यात गाठून म्हणाला, "कुंदनभाऊ, शुक्रवारपर्यंत चालवून घ्या. तीन दिवस."

कुंदन नुकताच होणाऱ्या सासऱ्याशी फोनवर बोलून आला होता. त्याचे कान अजून लाल होते.

"तारीख तू टाकलीस ना?" तो म्हणाला. "सही तुझीच ना? मग तीस म्हणजे तीस."

"अहो, पण समोरच्याची अडचण..."

तेव्हा ती चपराक बसली.

दुसरीनंतर राजदीपने त्याचा गळा धरला. दिवसभर पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी उचलणारे हात ते. कुंदनचं डोकं कठड्यावर दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा आपटलं, आणि राजदीपला खरं सांगायचं तर बरं वाटलं. खाली रंगाऱ्याची दोन माणसं भिंत खरवडून बघत होती. ती धावत वर आली ती हातातल्या बांबूसकट. एक बांबू राजदीपच्या पाठीत बसला, एक मांडीवर. तो गुडघ्यावर आला. कुंदनने त्याच्या बरगडीत लाथ घातली.

लिलाबाई, राजदीपची आई, सत्तरीची बाई, दारातून बाहेर आली.

"पोऱ्याहो, सनना दिन शेत," ती म्हणाली. "सोडा एकमेकले."

ती नुसती म्हणाली नाही, मध्ये शिरली. बांबूचं टोक तिच्या भुवईवर लागलं. कोणी मुद्दाम मारलं नव्हतं, पण रक्ताला मुद्दाम आणि चुकून यातला फरक कळत नाही. ती तीन पायऱ्या खाली बसत बसत गेली आणि तिथेच भिंतीला टेकून राहिली. डोळ्यात रक्त उतरलं होतं, ते ती पदराने पुसत होती.

माणसाने इथे थांबायला हवं होतं. कुंदन थांबला नाही. लाज वाटली की काही माणसं आणखी चवताळतात, त्यातला तो. तो वर गेला आणि गॅलरीतून सामान खाली फेकायला लागला. कुकर गेला, मिक्सर गेला, लिलाबाईची पत्र्याची पेटी गेली आणि आपटून उघडली. तिची दोन लुगडी आणि औषधांच्या पट्ट्या रस्त्यावर पसरल्या. देवपुरातल्या त्या गल्लीत समोरच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. कोणी मोबाइल धरला होता. कोणी खाली आलं नाही.

"तीसची वाट नाही बघायची," कुंदन वरून ओरडला. "उद्या सकाळी रिकामं करायचं."

सामान बांधायला रजा घेतलेल्या प्रज्ञाने घरातच सासूच्या भुवईला टाके घातले, चार. राजदीपची बरगडी दाबून बघितली. तिचे हात कामात होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"पोलिसात जाऊ," ती म्हणाली.

"आणि जळगावला कधी जाऊ?"

"मग तीन दिवस लॉजवर राहू. सामान टेम्पोवाल्याच्या गोडाऊनला ठेवू. शुक्रवारी सही होईल. एवढंच तर आहे."

एवढंच तर होतं. हे राजदीपलाही कळत होतं. पण गल्लीसमोर मार खाल्लेला माणूस लॉजवर जात नाही. त्याला एक दार हवं असतं, स्वतःचं, आणि ते आजच्या आज आतून लावायचं असतं. शिवाय वाईट शंका येत होती. आज सणाचं निमित्त, परवा दुसरं. एकदा सण होऊन बहिणी सासरी परतल्या की सही कोण देतं? त्याने मोबाइल घेतला आणि तो मोरीत गेला. प्रज्ञासमोर त्याला बोलायचं नव्हतं, यावरून समजा.

"वनाभाऊ, सही मंगळवारेच व्हवाले पायजे."

"अक्का मानत नही ना."

"ते माले सांगू नको. कशी करानी ते तू दख. नही तर सौदा मोडना आशे समज."

"मोठी बहीन शे मनी, राजूभाऊ."

"मंग घरमा तुन्हं कोनी ऐकत नही का? मानूस शे ना तू?"

 पलीकडून वना म्हणाला, "या तुमी. गाडी लई या." राजदीपने फोन ठेवला. छातीत दुखत होतं, पण मोकळं वाटत होतं. सकाळपासून अंगात साचलेलं काहीतरी त्याने दुसऱ्याच्या अंगावर टाकलं होतं.

मंगळवारी सकाळी सातला टेम्पो भरायला घेतला. कुंदन डोक्याला पट्टी बांधून खाली खुर्ची टाकून बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी लिलाबाई, मग प्रज्ञा, दाराशी राजदीप. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. नऊलाच ऊन अंगावर यायला लागलं होतं. प्रत्येक थांब्यावर माहेरी निघालेल्या पोरी पिशव्या घेऊन उभ्या होत्या, नटलेल्या, घाम पुसत, एसटीची वाट बघत. लिलाबाई त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत होती. दुसरा सुजून बंद झाला होता.

साडेअकराला टेम्पो वनाच्या अंगणाशी लागला.

निंबाला झोका बांधलेला होता. ओट्यावर एक बाई बसली होती, पन्नाशी उलटलेली, सुकलेली, कपाळ मोकळं. ही तानुबाई. फैजपूरजवळच्या खेड्यात दिलेली. नवऱ्याने बारा वर्षं तिला आखाजीला माहेरी धाडलं नव्हतं. तो गेल्या वर्षी मेला, आणि ही यंदा आली होती. तिच्या शेजारी मातीची कोरी घागर होती, बाजारातून आणलेली, अजून सूत न गुंडाळलेली. वना दाढी करून, पांढरा शर्ट घालून उभा होता. त्याच्या डोळ्यांवरून वाटत होतं की तोही रात्री झोपला नसावा. आत ज्योती चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही.

राजदीप उतरला. वनाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"अक्का, ऊठ. गाडी उनी."

"शुक्रवारे येसू ना रे भाऊ," तानुबाई म्हणाली. आवाज शांत होता. "कोठे पळी जास मी? बठ्ठं तुलेच देस. एक पैसा मांगत नही. दोन दिन थांब."

"आज. आत्ते."

"मायनी पयली घागर शे. जठे तिना जीव गया तठेच भरनी पडस. दुसराना दारमा कशी भरसू मी?"

घरातलं माणूस गेलं की पुढच्या आखाजीला त्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर आंबा ठेवतात, गोड सांजोरी ठेवतात. गेलेल्याला उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून. तानुबाई आईच्या शेवटच्या दिवसांत येऊ शकली नव्हती. तेव्हाही तिला कोणी धाडलं नव्हतं. तिचं म्हणणं इतकंच होतं, आणि राजदीपने ते दहा पावलांवरून स्पष्ट ऐकलं.

वनाने पायाने घागर उडवली. ती ओट्याच्या कडेवरून खाली पडली आणि फुटली.

तानुबाई उठली. ती पळाली नाही, दाराची चौकट धरून उभी राहिली. वनाने तिचे केस धरले आणि ओढलं. ती सुटेना, तेव्हा त्याने तिच्या पाठीत गुद्दा घातला, मग दुसरा. ती चौकटीला आणखी चिकटली. मग तो तिच्या बोटांवर मुठीने मारायला लागला, एकेका बोटावर, खिळा ठोकावा तसा. आई शेतात जायची तेव्हा याच बाईने याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही होतं. म्हणूनच बहुतेक तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता.

"राजू," केबिनमधून लिलाबाई म्हणाली. "ती बाई वरडी राह्यनी. जाय."

"त्यासना घरनं शे माय. आपुन कसाले पडो मधमा."

हे बोलताना राजदीप टेम्पोच्या फाळक्याला धरून उभा होता. त्याचे पाय हलत नव्हते. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली एक आवाज सांगत होता की आता होईलच, आणखी थोडं, की सही होईल. तो आवाज त्याचाच होता.

प्रज्ञा मात्र उतरली आणि पळत गेली. तिने वनाचा दंड धरला. वनाने मागे न बघता कोपर मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं, ती भिंतीवर आदळली, ओठ फाटला.

तेव्हा राजदीपचे पाय सुटले. बायकोचं रक्त दिसल्यावर सुटले, हे त्याने पुढे स्वतःपाशी बऱ्याचदा कबूल केलं. त्याने वनाला मानेला धरून मागे खेचलं आणि ओट्यावरून खाली फेकलं. वना फुटक्या खापरांवर पडला. राजदीपने त्याच्या तोंडावर मारलं. आणखी एकदा मारलं. वनाने हात वर केले, पण उलट मारलं नाही.

"तूच सांगं ना काल?" तो खालून म्हणाला. नाकातून रक्त येत होतं. "कशी करानी ते तू दख म्हने. मानूस शे ना म्हने. आते माले कसाले मारस?"

राजदीपचा हात वरच राहिला. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. तिने ओठावरची ओढणी बाजूला केली आणि नवऱ्याकडे पाहिलं. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत राहिली, ओळख लागत नसल्यासारखी. राजदीपने हात खाली घेतला आणि तो दोन पावलं मागे सरला. 

आणि तो मागे सरला याचा अर्थ वनाने आपल्या सोयीने लावला. तो उठला, ओट्यावर चढला, तानुबाईचा डावा हात धरून त्याने पाठीमागे पिळला आणि वर चढवला. कट् असा आवाज झाला, लहानसा. तानुबाईच्या तोंडातून ओरडणंही निघालं नाही, नुसता श्वास निघाला.

"येस मी," ती म्हणाली. "सोड. येस."

आतून ज्योती रडत होती. भाजत ठेवलेलं काहीतरी जळल्याचा वास आला.

निबंधक कार्यालयात गर्दी होती. उद्याच्या मुहूर्तावर नव्या घरात शिरायचं म्हणून बऱ्याच जणांनी आजच कागद उरकायचे ठरवले होते. प्रज्ञाने वाटेत रिक्षातच तानुबाईचा हात पाहिला होता, ओढणीची झोळी करून गळ्यात बांधला होता. "मनगटाच्या वर मोडलाय," ती राजदीपला म्हणाली. त्या दिवसात ती त्याच्याशी तेवढंच बोलली. "आधी एक्स-रे काढू," असं तिने तानुबाईला सांगितलं. तानुबाईनेच नकाराची मान हलवली. "आधी सही, माय. आते काय उरनं? उरकी टाका." प्रज्ञा मग तिच्याबरोबर बाकावर बसली आणि दुसरा हात हातात घेऊन राहिली.

दोन वाजून गेल्यावर नंबर लागला. वनाने सही केली, ज्योतीने केली. तानुबाई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने उजव्या हाताने, पेन घट्ट धरून, पूर्ण नाव लिहिलं. फोटो काढला. कॅमेऱ्यापुढे वनाचं नाक सुजलेलं, प्रज्ञाचा ओठ, राजदीपच्या गालावर वळ. कारकून एकेकाकडे बघत गेला.

"बाई, राजीखुशीने देताय ना?"

"हो," तानुबाई म्हणाली.

"हाताला काय झालं?"

तिने वनाकडे पाहिलं नाही. "झोकावरथिन पडनू," ती म्हणाली.

आखाजीच्या दिवसांत झोक्यावरून पडलेल्या बायका काही कमी नसतात. कारकुनाने आणखी विचारलं नाही. "अंगठा ठेवा मशीनवर," तो म्हणाला. "डावा."

झोळीतून तिने हात काढायचा प्रयत्न केला. हात सुजून टम्म झाला होता. अंगठा काचेवर टेकला, पण मशीन घेईना. पुन्हा टेकवला. घेईना. "दाबा नीट," कारकून म्हणाला. "कोणीतरी धरा बाईंचा हात. मागे माणसं थांबलीत." वना पुढे झाला, तशी तानुबाई एकदम मागे सरली, अख्खी. वनाही थबकला. प्रज्ञा म्हणाली, "त्यांचा हात मोडलाय, जरा थांबा." कारकून म्हणाला, मग बाई, दुसऱ्या दिवशी या, शुक्रवारी नंबर घ्या.

शुक्रवारी. राजदीपने तो शब्द ऐकला. बाहेर उन्हात टेम्पो उभा होता, त्यात आई होती, संसार होता. समोर कागद तयार होता आणि फक्त एक अंगठा राहिला होता.

तो पुढे झाला. त्याने तानुबाईचं मनगट एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने तिचा अंगठा धरला आणि काचेवर दाबला. त्याच्या तळव्याखाली हाड सरकलं. त्याला ते कळलं. तिने डोळे मिटले, खालचा ओठ दातात धरला. मशीन घेईना. त्याने आणखी दाबलं. मग हिरवा दिवा लागला.

"झालं," कारकून म्हणाला. "पुढचे या."

बाहेर आल्यावर वनाने खिशातून किल्ली काढून राजदीपच्या हातात दिली आणि तो कोणाशी न बोलता गेटबाहेर गेला. ज्योती त्याच्या मागे गेली नाही, ती बहिणीपाशी उभी राहिली. प्रज्ञाने रिक्षा थांबवली. टेम्पोतून लिलाबाई उतरली होती आणि टेम्पोच्या सावलीला उभी होती.

रिक्षात बसण्याआधी तानुबाई थांबली.

"भाऊ," ती राजदीपला म्हणाली, "घर आते तुन्हं शे. एक ईचारू का?"

राजदीपने मान हलवली.

"तुमी बौद्ध. तुमनामा घागर भरतस नही, माले म्हाईत शे. वना म्हने, ते लोक एकदा घरमा उनात का घागरले हात लावू देवाव नहीत. म्हनीसन मी आडी बठनू." ती श्वास घेण्यासाठी थांबली. "सकाय घडीभर येऊ का? घरमा नही येस. ओट्टावर ठीसू, दुपारे उचली लेसू."

 इतकंच? राजदीप फोनवर एकदा म्हणाला असता, का करत नाही अक्का सही, तर हे एका मिनिटात मिटलं असतं. आज अंगणात म्हणाला असता, भर तू घागर, अख्खा दिवस भर, तरी मिटलं असतं. तिला दोन दिवस नकोच होते. तिला ओट्याचा एक कोपरा हवा होता, आणि ओटा त्याचाच होणार होता. त्याने कधी घागर भरली नव्हती, त्याच्या आईने भरली नव्हती, पण भरणाऱ्याला नको म्हणणारं त्याच्या घरात कोणी नव्हतं.

लिलाबाईच बोलली. "आमी कसाले ना म्हनतूत माय? पयलेच ईचारी लेती."

"वना म्हने म्हनीसन," तानुबाई म्हणाली. ती अजून राजदीपच्या तोंडाकडे बघत होती. घर त्याचं होतं, उत्तर तिला त्याच्याकडून हवं होतं.

"या अक्का," राजदीप म्हणाला. आवाज त्याला स्वतःला ऐकू आला नाही, म्हणून तो पुन्हा म्हणाला, "या."

"तुन्हा मोठा उपकार, भाऊ," तानुबाई म्हणाली आणि सवयीने त्याला नमस्कार करायला गेली. उजवा हात छातीपर्यंत आला. डावा झोळीतच राहिला.